मनगटावरचा आकडा कोणी तपासला?

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारंजा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. वय बहात्तर. धाकट्या भावाच्या खांद्याचा आधार घेऊन ते कसेबसे पायरी चढले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता, उजव्या हातातली काठी पुनःपुन्हा निसटत होती आणि शब्द जिभेवर अडखळत होते. रक्तदाब मोजला, तो २०४ वर ११२ निघाला. अर्धांगवायूचा झटका होता. प्राथमिक उपचार करून त्यांना तातडीने अकोल्याला पाठविले.

निघता निघता त्यांच्या पत्नीने माझ्यासमोर एक वही ठेवली. गुरुजींचे सुवाच्य अक्षर. तारीख, वेळ, रक्तदाब, सगळे आखलेल्या रकान्यांत. चार महिन्यांच्या नोंदी होत्या. वरचा आकडा ११८ ते १२६ आणि खालचा ७६ ते ८२, यापलीकडे एकही नोंद नव्हती. पुण्यातल्या मुलाने वडिलांच्या काळजीने पाठविलेल्या मनगटी घड्याळावरून ती वही भरली होती. "घड्याळ त रोज बराबर सांगे, डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "मंग गोळी कशाले घ्याची, म्हणून यायनं दोन महिन्यांपासून बंद केली."

ती वही मी रात्री पुन्हा चाळली. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात इतका शिस्तीने वागणारा रक्तदाब मी पाहिलेला नाही. माणसाचा दाब सकाळी वेगळा असतो, भांडणानंतर वेगळा, शेतातून आल्यावर वेगळा. चार महिने एकाच रेषेत चालणारा दाब माणसाचा नसतो, एवढे कोणाही डॉक्टरला ती वही पाहताक्षणी कळले असते. परंतु ती वही कोणा डॉक्टरने पाहिलीच नव्हती. गुरुजी मध्ये एकदा सर्दीसाठी माझ्याकडे येऊन गेले होते. गोळ्या चालू आहेत ना, असे मी विचारले आणि त्यांनी मान हलविली. मी तेवढ्यावर थांबलो, ही चूक माझी.

पुढच्या आठवड्यात मुलगा ते घड्याळ घेऊन आला. मी टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, तिच्याभोवती घड्याळ बांधले आणि बटन दाबले. घड्याळाने थोडा वेळ विचार केल्यासारखे केले आणि आकडा दाखविला : १२१ वर ७९. टॉवेलची प्रकृती उत्तम होती. मुलाचा चेहरा मला पाहवला नाही. खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही, असे छापलेले होते. समोरच्या बाजूला मात्र रक्तदाब हा शब्द ठळक लाल रंगात होता.

यंत्र मोजत नाही, गणित करते

घरोघरी आता दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजणारी यंत्रे आली आहेत आणि ती यावीत, असेच माझे मत आहे. पण ती आतून काय करतात, हे आपण एकदा समजून घ्या. पूर्वी आम्ही डॉक्टर पट्टा फुगवून, धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून, पारा खाली उतरताना आवाज कधी सुरू होतो आणि कधी लोपतो, ते कानांनी ऐकत असू. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टराने १९०५ मध्ये सांगितलेली ती पद्धत. घरगुती यंत्र तसे काही ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी होत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे त्या हवेत जे सूक्ष्म कंप उठतात, ते यंत्र टिपते. कंप सर्वांत मोठा असतो तेव्हाचा दाब हा साधारणपणे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा यंत्र त्या कंपांच्या चढउतारावरून गणिताने काढते. ते गणित म्हणजेच आतले सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक कंपनीचे गणित तिच्या स्वतःच्या तिजोरीत असते.

म्हणून एकाच दंडावर दोन कंपन्यांची यंत्रे दोन निरनिराळे आकडे दाखवू शकतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात तर हे गणित पुष्कळदा चुकते. अशा रुग्णांनी एका मोजणीवर भिस्त ठेवू नये. मनगटी घड्याळात बहुधा पट्टाही नसतो. त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवर प्रकाश टाकून नाडी मोजता येते, ते खरेच. पण नाडीवरून रक्तदाबापर्यंत पोहोचायचे तर सगळा प्रवास गणिताच्याच भरवशावर करावा लागतो. ते गणित चांगले आहे की निव्वळ सजावट आहे, हे बाहेरून पाहून मलाही सांगता येणार नाही. त्यासाठी कोणीतरी त्रयस्थाने ते तपासलेले असावे लागते.

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी बाजार समितीत सोयाबीन घातल्यावर आधी काट्याकडे पाहतो. काट्यावर वैधमापन खात्याची यंदाची मोहोर नसेल, तर तो दहा माणसे गोळा करील. सोन्याचा दागिना घेताना सूनबाई हॉलमार्क बघतात आणि त्याच्या शेजारचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर घालून दुकानातच खात्री करून घेतात. पोत्यामागे किलो-दोन किलोचा आणि पोतीत ग्रॅम-दोन ग्रॅमचा हिशेब आपण सोडत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीचा हिशेब मात्र जाहिरातीच्या भरवशावर सोडतो.

सॉफ्टवेअरला मोहोर कशी लावतात

सॉफ्टवेअर हातात धरता येत नाही, ठोकून पाहता येत नाही. मग त्याचा दर्जा तपासतात तरी कसा? आपल्या देशात या कामासाठी एसटीक्यूसी नावाचे सरकारी संचालनालय १९८० पासून आहे. ते केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली चालते. तेथे सॉफ्टवेअरला मुद्दाम चुकीची माहिती देतात, एकाच वेळी खूप काम लावतात, आत घुसता येते का ते पाहतात. सांगितलेले काम ते बिनचूक करते का, मध्येच कोलमडते का, गुपिते सांभाळते का, हे तपासून मग प्रमाणपत्र देतात. वापरणाऱ्याला ते सहज वापरता येते का, हाही आंतरराष्ट्रीय मानकांत दर्जाचाच एक भाग मानला आहे. थरथरत्या बोटांना न सापडणारे बटन हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नसून दर्जाचा दोष आहे, हे मला स्वतःला उशिरा समजले.

आपल्यापैकी निवृत्तिवेतनधारकांचा या संचालनालयाशी संबंध नकळत आलेलाच आहे. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आपण ज्या यंत्रावर अंगठा ठेवता, तशी आधारची बोटांचे ठसे घेणारी यंत्रे एसटीक्यूसीने प्रमाणित केलेली असावी लागतात. जीवन प्रमाण ही सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तरीही कितीतरी जणांचा ठसा जुळत नाही. आयुष्यभर विळा आणि फावडे धरलेल्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, तेव्हा अनेकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे यंत्र प्रमाणित होते, खोटे नव्हते. परंतु प्रमाणपत्र ठरलेल्या कसोटीचे असते, माझ्या किंवा आपल्या बोटाचे नसते.

हाच धडा ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याने दिला. कोविडच्या काळात, २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजन खरोखर कमी असूनही चिमटा तो पुरेसा दाखवितो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. तपासणी कोणावर केली, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. त्याच सुमारास मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप गावोगाव पसरली होती. त्यांतील बनावट ॲप बोटाचा ठसा आणि खासगी माहिती चोरू शकतात, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबरदोस्त या उपक्रमाने दिला होता. माझ्याकडे तेव्हा असे फोन पुढे करून आकडा दाखविणारे रोज दोन-तीन तरी येत.

परदेशात सारे काटेकोर चालते, असेही समजू नका. फोन छातीला लावून कॅमेऱ्यावर बोट ठेवले की रक्तदाब सांगणारे 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे ॲप अमेरिकेत २०१४-१५ मध्ये तडाखेबंद खपले. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते ८५ जणांवर तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा दाब खरोखर वाढलेला होता, अशा पाचांपैकी जवळजवळ चौघांना ॲपने दाब ठीक असल्याचे सांगितले होते. पुढे तिथल्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. आमच्या गुरुजींचे घड्याळ याच जातकुळीचे.

सॉफ्टवेअरची चूक किती महाग पडते, याचे वैद्यकाच्या इतिहासातले उदाहरण याहून भीषण आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या कॅनडात तयार झालेल्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना मात्रेपेक्षा कितीतरी अधिक किरण दिले. काहींचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांत धोका झाल्यास किरण रोखणारे यांत्रिक अडसर होते. या यंत्रात ते काढून सारी जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती. चालविणाऱ्या तंत्रज्ञाने एखादे अक्षर चुकून टाकले आणि काही क्षणांत झरझर दुरुस्त केले, तर यंत्राचा आतल्या आत गोंधळ उडे. सावकाश काम करणाऱ्याला ती चूक कधी दिसतच नसे. रुग्ण भाजल्याची तक्रार करीत होते आणि असे होणे शक्य नाही, असे कंपनी सांगत होती. वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी पुढे जी आंतरराष्ट्रीय मानके झाली, त्यांतील २००६ चे मानक, चूक झाली तर रुग्णाला इजा होणार नाही, होईल, की जीवच जाईल, यावरून सॉफ्टवेअरचे तीन वर्ग करते आणि त्यानुसार तपासणी कडक करते.

खोक्यावर काय वाचावे

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत रोगनिदानाच्या वा उपचाराच्या हेतूने केलेले सॉफ्टवेअरही आले. उपकरणांचे धोक्यानुसार चार वर्ग आहेत. जीभ दाबण्याची पट्टी 'अ' वर्गात, इंजेक्शनची सुई 'ब' वर्गात, व्हेंटिलेटर 'क' मध्ये आणि हृदयाची कृत्रिम झडप 'ड' मध्ये. पहिल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि उरलेल्या दोहोंना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. हे काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, राज्यांच्या औषध प्रशासनाच्या साहाय्याने पाहते.

याचा आपल्यासाठी अर्थ असा, की घरच्या रक्तदाब यंत्राच्या किंवा ग्लुकोमीटरच्या खोक्यावर उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असला पाहिजे. परदेशी वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक. हे नसेल तर वस्तू कितीही चकचकीत असो, परत ठेवा. नातवंडांना सांगून आणखी एक गोष्ट करता येईल. स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर तपासणीत उतरलेल्या रक्तदाब यंत्रांची यादी आहे. कंपनीचे नाव पाहून भागत नाही. आपल्या यंत्राचा मॉडेल क्रमांक त्या यादीत आहे का, ते पाहावे. एकाच कंपनीचे एक यंत्र तपासलेले आणि शेजारचे स्वस्त यंत्र न तपासलेले, असे सर्रास असते. सोन्याच्या क्रमांकासारखी सहज, मराठीतून खात्री करता येईल अशी सोय रक्तदाब यंत्रासाठीही व्हावी, ही माझी जुनी तक्रार आहे.

काही शिक्के मात्र फसवे वाटतात, म्हणून सांगतो. आयएसओ ९००१ हे कारखान्याच्या कामकाजाच्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र आहे. यंत्र बरोबर मोजते, असे ते म्हणत नाही. सीई ही युरोपच्या बाजारासाठीची खूण. कमी धोक्याच्या वस्तूंवर ती उत्पादक स्वतःच्या घोषणेवर लावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएकडे कंपनीची नोंदणी असणे म्हणजे एफडीएने वस्तूला मान्यता दिली, असे नव्हे. आणि सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी विकायला आणली, तर दारातूनच परत पाठवा. त्याच एफडीएने २०२४ च्या फेब्रुवारीत अशा वस्तूंविरुद्ध इशारा देताना, केवळ स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे स्पष्ट केले होते.

चांगले प्रमाणपत्र असले, तरी ते किती सूट देते, हेही ठाऊक असू द्यावे. ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा अधिक असताना शंभरातील ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत वरखाली आल्या, तर यंत्र उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर २०० असेल, तर १७० आणि २३० ही दोन्ही उत्तरे नियमात बसतात. काल १८० आणि आज २०० आली म्हणून रात्रीचे जेवण सोडणाऱ्या आजींना मी हे गणित कागदावर करून दाखवितो. रक्तदाब यंत्राची कसोटी साधारणतः ८५ जणांवर घेतात आणि सरासरी चूक ५ च्या आत असावी लागते. सरासरी, हा शब्द येथे लक्षात घ्यावा. त्या ८५ जणांत आपला दंड नसतो.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. कुकर एकदा घरी आणला की तो रात्रीतून बदलत नाही. त्याच्यावरची आयएसआय खूण ज्या कुकरला दिली, तोच कुकर सकाळी ओट्यावर असतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. आपण झोपलेले असता फोनवरचे ॲप स्वतःला अद्ययावत करते आणि सकाळी त्याच नावाखाली दुसरेच गणित चालू असते. जबाबदार उत्पादकाला असा प्रत्येक बदल नोंदवून पुन्हा तपासावा लागतो. फुकटच्या ॲपकडून ही अपेक्षा कोणी करावी? म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगतो, की गोळीची आठवण करून देणारे ॲप खुशाल ठेवा. आठवण चुकली तर बायको किंवा नातू आठवण देईल. पण गोळी घ्यावी की नाही, हे ज्या आकड्यावर ठरणार आहे, तो आकडा दंडावर पट्टा असलेल्या, तपासलेल्या यंत्राचाच हवा.

ते यंत्र दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे घेऊन जा. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. दंड हृदयाच्या पातळीला असू द्या. मग डॉक्टरांच्या आणि आपल्या यंत्राने त्याच दंडावर आलटूनपालटून, मध्ये एखादे मिनिट थांबून, तीनदा मोजा. फरक पाचाच्या आसपास असेल तर चिंता नको. दहाच्या पुढे सतत राहत असेल तर यंत्र किंवा पट्टा बदलावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब उगाच जास्त दिसतो, हे दुकानदार सांगत नाही. आणि आकडे दोन महिने उत्तम आले, तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. आकडे उत्तम येतात ते बहुतेक वेळा त्या गोळीमुळेच. उलट, तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले, तर यंत्र शोधत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. गुरुजींच्या घरी त्या सकाळी पहिला पाऊण तास घड्याळात पुन्हा पुन्हा दाब पाहण्यात गेला होता.

गुरुजी आता बरे आहेत. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे, अक्षर पूर्वीसारखे सुवाच्य राहिले नाही, पण वही चालू आहे. तिच्यात त्यांनी एक नवा रकाना आखला आहे : यंत्र शेवटचे कधी पडताळले. गेल्या महिन्यात ते आपले यंत्र घेऊन आले. तीनदा मोजले, तीनही वेळा माझ्या टेबलावरचे यंत्र त्यांच्या यंत्रापेक्षा बारा-तेरा अंकांनी कमी दाखवीत होते. मी पारंपरिक शहाणपणाने त्यांचा पट्टा तपासू लागलो. गुरुजींनी चष्मा सावरला आणि वर्गात विचारावे तसे विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" मला तारीख सांगता आली नाही. शेजारच्या दवाखान्यातून तिसरे यंत्र मागवून पाहिले. ते गुरुजींच्या बाजूचे निघाले. माझे यंत्र त्याच शनिवारी दुरुस्तीसाठी अकोल्याला गेले, आणि त्या महिन्यात ज्यांचा दाब मी ठीक म्हणून लिहिला होता, त्या सर्वांना कंपाउंडर अजून फोन करून पुन्हा बोलावतो आहे.